पदराखालचा सौदा

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात आश्रुबाच्या तोंडून आकडा कुणी कधी ऐकला नव्हता, पण त्याचा हात मात्र निम्म्या तालुक्यानं धरला होता. चाळीस वर्षं त्यानं दलाली केली. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे आश्रुबा. खांद्यावरचं उपरणं हातावर टाकायचं, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची आणि भाव तोंडानं बोलायचा नाही, बोटांनी दाबायचा. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. हजारात चाललंय की दहा हजारात, हे समोरच्या जनावराकडं बघून शेंबड्या पोरालाही कळतं. भोवती पन्नास माणसं माना उंचावून उभी असली तरी भाव कळायचा तो हात धरलेल्या दोघांनाच.

आता चाळीस वर्षं असं करून माणूस घरी सरळ बोलेल ही अपेक्षाच चुकीची. जेवताना किती भाकरी वाढू म्हणून जानकीबाईनं विचारलं की आश्रुबा तोंडात घास असो नसो, दोन बोटं पुढं करायचा. लेकीच्या, विजयमालाच्या लग्नात मांडव कुणी घालायचा आणि वऱ्हाड किती आणायचं ही बोलणी त्यानं व्याह्याबरोबर टॉवेलाखाली उरकली होती. व्याही नांदूरघाटचा, बिचाऱ्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तो नुसता हात देऊन बसला आणि तीनशे माणसांचं जेवण अंगावर घेऊन उठला. एकदा तर दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी किती दिवसांपासून दुखतंय म्हणून विचारलं, तर ह्यानं खांद्यावरचं उपरणं काढायला सुरुवात केली. जानकीबाईनं मागून चिमटा काढला म्हणून बरं.

पण काळ बदलला. गावात बैलांपेक्षा ट्रॅक्टर जास्त झाले, बाजारात जोड्या कमी आणि मोबाईलवर फोटो काढणारे जास्त दिसायला लागले. त्यात आश्रुबाचे गुडघे गेले. शेवटी त्यानं दलाली सोडली. सगळ्यांचं सगळं करून, लेकीचं लग्न करून, घरावर स्लॅब टाकून त्याच्याकडं दोन लाख रुपये उरले होते. खातं नवराबायको दोघांच्या नावावर, पैसे काढायचे तर दोघांची सही.

त्या पैशांतून काय आणायचं हे जानकीबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं.

"आजवर आपल्या दावणीला हजार जनावरं बांधली असतील," ती म्हणाली होती. "बाजारात न्हाई इकलं की लोक आपल्याकडं ठिवून जायचे. मी चारायची, मी पाणी दावायची, मी शेण काढायची. जरा माझ्या हाताला लागलं, माझ्याकडं बगून हंबरायला लागलं की तुमी कासरा सोडायचा. आता मला एक जनावर असं पाहिजे, की जे इकायचं न्हाई. म्हैस पाहिजे. आपल्या दारात म्हातारी होईल अशी."

आश्रुबा म्हणाला, "आणू की." तो मनापासून म्हणाला होता. मधे शहादेव आला नसता तर त्याच महिन्यात म्हैस आली असती.

शहादेव म्हणजे शेजारी. एसटीत कंडक्टर होता, रिटायर झाला, पण आवाज अजून ड्युटीवरच होता. त्यानं मोबाईलवर शेअर घ्यायला सुरुवात केली होती, आणि त्याचा नफा गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थांब्याथांब्याला कळायचा.

"आश्रुबा! आज बसल्या जागी अकराशे सुटले बे!"

तोटा झाला की मात्र शहादेवचा घसा बसलेला असायचा.

आश्रुबाला ते झोंबायला लागलं. पैशासाठी नव्हे, मानासाठी. ज्यानं जनावराच्या नुसत्या चालण्यावरून त्याचा भाव सांगितला, तो ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसलाय, आणि ज्यानं जन्मभर तिकिटं फाडली तो भाव सांगतोय! एक दिवस त्यानं धुतलेलं धोतर नेसलं, उपरणं घेतलं आणि बीडची बस पकडली.

बीडला बसवेश्वरचं शेअरचं ऑफिस होतं. बसवेश्वरचे वडील गुरुपादअण्णा, त्यांचं नेकनूरला सरकी-पेंडीचं दुकान होतं, त्यामुळं बसवेश्वर आश्रुबाला लहानपणापासून ओळखत होता. त्यानं आबा, आबा करत खुर्ची दिली, चहा मागवला आणि समोरचा पडदा वळवून दाखवला. त्यावर हिरवे-लाल आकडे नाचत होते.

"हे काय?"

"भाव आहेत, आबा."

"सगळ्यांस्नी दिसत्यात?"

"अख्ख्या देशाला."

आश्रुबा खुर्चीत मागं सरकला. "उघड्यावर? मग दलालानं करायचं काय?"

"बटण दाबायचं."

ह्या बाजाराला लाजलज्जा नाही हे आश्रुबाच्या लक्षात आलं, पण आता आलोच आहोत तर बघू, असं म्हणून त्यानं कंपन्यांची पारख सुरू केली. हिचं वय काय, हिच्या आधीचा मालक कोण, ही कुठल्या महिन्यात बसती. शेवटी ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका कंपनीवर त्याचं बोट थांबलं.

"ही. ह्यांच्या ट्रॅक्टरनं माझा धंदा खाल्ला. आता मी ह्यांच्या पाठीवर बसून खातो. हिची जोड दाव."

"जोड?"

"एका बैलावर औत चालतंय का बाबा?"

बसवेश्वर म्हणाला, दोन-तीन कंपन्या घेतलेल्या केव्हाही चांगल्या, पण आबा, त्या एकसारख्या नकोत. एक बसली तर दुसरी उभी राहिली पाहिजे. आश्रुबानं मान हलवली. एक बसणार आणि दुसरा उभा राहणार, असली जोड औताला जुंपली तर औत जागच्या जागी गरागरा फिरेल, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या पोराला कळू नये याचं त्याला वाईट वाटलं. ट्रॅक्टर एकटाच चालतो, तेव्हा ही कंपनीही एकटीच बरी, असं त्यानं ठरवलं.

"बरं आबा," बसवेश्वरनं कीबोर्डवर हात ठेवला, "किती टाकायचे?"

आणि आश्रुबा अडला.

भाव ठरवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण भाव वेगळा आणि आपले किती टाकायचे ते वेगळं, हे त्याला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. जन्मभर पैसे दुसऱ्याचे होते. घेणाऱ्याचे गेले तरी दलाली मिळत होती, विकणाऱ्याला कमी आले तरी दलाली मिळत होती. स्वतःच्या खिशातले किती काढायचे हा प्रश्न त्याला चाळीस वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. सवयीनं त्यानं उपरणं टेबलावर पसरलं आणि खाली हात घातला. बसवेश्वर चांगल्या घरचा, त्यानंही मुकाट्यानं हात घातला. आश्रुबानं त्याचं एक बोट धरलं.

"एक लाख?"

"एक शेअर," आश्रुबा म्हणाला. "आठ दिवस औताला चालवून बघतो. खोड निघाली तर परत आणीन."

शेअर परत घेत नाहीत, हे सांगायचं बसवेश्वरच्या ओठांवर आलं होतं. पण एका शेअरसाठी म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून त्यानं बटण दाबलं.

त्या आठ दिवसांत कंपनी अशी चालली की बघत राहावं. रोज थोडी वर, रोज थोडी वर. आश्रुबा शहादेवच्या मोबाईलमध्ये डोकं घालून बघायचा आणि म्हणायचा, "पाय कसा टाकती बघ." नवव्या दिवशी त्याचा निश्चय झाला. दोन लाख टाकायचे, सगळेच्या सगळे. त्याचे तीन होतील, मग एक सोडून दोन म्हशी आणू. फक्त जानकीबाईची सही पाहिजे होती.

दुपारची जेवणं झाल्यावर त्यानं ओट्यावर विषय काढला. कंपनीचं वर्णन केलं, दोन म्हशींचं वर्णन केलं, दुसऱ्या म्हशीचं तर पारडूसुद्धा करून दाखवलं. जानकीबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बाजारात करता तसं करा. उपरणं आणा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"आणा तर."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी आश्रुबाला माहीत नव्हती. तो झोपेत सौदे करायचा. रात्री बायकोचं मनगट धरायचा आणि पहाटेपर्यंत तिची बोटं दाबत राहायचा. जानकीबाई बाजारात कधी गेली नव्हती, पण तालुक्यातल्या प्रत्येक बैलाचा भाव तिच्या हातावरून गेला होता. नवरा कुठं अडतो, कुठं नुसता ताणतो, आणि शेवटचा भाव सांगताना त्याचा अंगठा कसा आपोआप ढिला पडतो, हे सगळं तिला पाठ होतं.

उपरणं पडलं. आश्रुबानं तिचा पंजा चारदा दाबला. एक बोट म्हणजे दहा हजार, चार पंजे म्हणजे दोन लाख. जानकीबाईनं त्याची करंगळी धरली आणि सोडली.

"दहा हजार?" आश्रुबा ओरडला. उपरण्याखालचा समोरच्याचा आकडा असा ओरडून सांगण्याची आयुष्यातली ती त्याची पहिली वेळ.

"बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "बोटं."

तो पंधरावर आला. ती दोनावर. त्यानं उसासा टाकला, गुडघा दुखल्यासारखं केलं, आभाळाकडं बघितलं, हात काढून घेऊन उठायला निघाला. ही सगळी बाजारातली सोंगं. जानकीबाई शांतपणे हात पुढं करून बसून राहिली. मग तो दहावर आला. ती अडीचवर, म्हणजे अर्ध बोट मुडपून. तो सातावर आला आणि म्हणाला, "ह्याच्या खाली येत न्हाई, आईशपथ." पण अंगठा ढिला पडला नव्हता. जानकीबाईनं ते बरोबर ओळखलं आणि काहीच केलं नाही. गल्लीतून शहादेव जाता जाता थांबला आणि म्हणाला, "काय, नवराबायको भरदुपारी हातात हात घालून बसलेत!" आश्रुबाला घाम फुटला. तो पाचावर आला. मग चारावर आला आणि अंगठा सुटला.

जानकीबाईनं चार बोटं घट्ट धरली. सौदा झाला. चाळीस हजार.

"म्हैस आधी," ती म्हणाली. "मग तुमचा ट्रॅक्टर."

आश्रुबा हरला होता, पण त्याला राग आला नव्हता. उलट असा सौदा आपण बऱ्याच वर्षांत केला नाही असं त्याला वाटलं. बायकोच्या हाताला कडबा तोडून तोडून घट्टे पडलेत, हेही त्याला त्या दिवशी दिवसाउजेडी कळलं.

एक लाख वीस हजारांची म्हैस आली. कपाळावर पांढरा टिक्का, म्हणून चंद्री. गोठ्यावर नवे पत्रे घातले, कडबा भरला, पेंड आणली, त्यात उरलेले चाळीस गेले. आणि दुसरे चाळीस आश्रुबानं कंपनीत टाकले. मग कंपनी बसली.

अशी बसली की उठेना. आश्रुबा बसवेश्वरकडं गेला आणि म्हणाला, आठ दिवस व्हायचेत अजून, परत घे. तेव्हा त्याला कळलं की ह्या बाजारात खोड सांगायची पद्धत नाही आणि जनावर माघारी घ्यायचीही नाही. चाळीसाचे छत्तीस झाले, तीस झाले, सव्वीस झाले. शहादेव म्हणाला, "आश्रुबा, घाबरू नको बे. आता सस्त्यात हाय. अजून तेवढेच टाक, म्हंजे सरासरी खाली येती." बसवेश्वर फोनवर म्हणाला, "आबा, टाकायचेच असं काही नाही. पण टाकायचे असले तर किती, ते आधी घरी ठरवा." परत तोच प्रश्न. आणि आता तर टाकायला जवळ काही नव्हतंच.

इकडं चंद्री मात्र दोन्ही वेळा बादली भरत होती. जानकीबाई पहाटे तिच्याशी काय बोलायची कोण जाणे, पण गोठ्यातून हसण्याचा आवाज यायचा. आश्रुबा चारचौघांत चंद्रीचं कौतुक करायला लागला. हिच्यासारखी तालुक्यात नाही, देवगुणी आहे, लाथ म्हणून माहीत नाही. कंपनीचा विषय कुणी काढलाच तर तो चंद्रीच्या कासेचं वर्णन सुरू करायचा.

मग नांदूरघाटला विजयमालाच्या मुलीचं बारसं निघालं आणि जानकीबाई चार दिवसांसाठी लेकीकडं गेली. जाताना आश्रुबाला धारेचं सगळं समजावून गेली. पहिल्याच संध्याकाळी चंद्रीनं आश्रुबाला लाथ मारली. दुसऱ्या वेळी बादलीला मारली. तिसऱ्या वेळी तिनं दूध चढवून घेतलं आणि थेंब दिला नाही. चाळीस वर्षं जनावरांत काढलेला माणूस, पण धार काढायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. शेवटी शहादेवची बायको चंद्रभागाबाई म्हणाली, "भाऊजी, तिला वास पाहिजे. वैनीचं लुगडं घ्या अंगावर." आश्रुबानं इकडं तिकडं बघितलं, दोरीवरचं जानकीबाईचं हिरवं लुगडं डोक्यावरून पदर घेऊन पांघरलं आणि खाली बसला. चंद्रीनं एकदा हुंगलं आणि पान्हा सोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो असाच लुगडं पांघरून धार काढत असताना दारात तानाजी उभा राहिला. तानाजी बाजारातला नवा दलाल. आश्रुबाच्याच हाताखाली शिकलेला. हसू दाबत त्यानं राम राम केला.

"काकी कधीपासून मिशा ठिवायला लागल्या?"

"हस बाबा, हस. बादली भरली न्हवं?"

तानाजीनं बादली बघितली. मग चंद्रीला बघितलं, शिंगापासून खुरापर्यंत. "आबा, म्हशी लई चढल्यात बरं का बाजारात. हिला काय म्हणावं?"

"इकायची न्हाई."

"इका कोण म्हणतंय? गंमत म्हणून. तुमच्या हाताला हात लावून लई दिवस झाले."

आश्रुबाचा हात आपोआप पुढं आला. उपरणं घरात खुंटीला होतं. म्हणून त्यानं खांद्यावरचाच पदर ओढला, हातावर टाकला आणि तानाजीची बोटं धरली. आणि काय सांगावं, सहा महिने गुडघ्यांना तेल चोळणारा म्हातारा गेला आणि बाजारातला आश्रुबा परत आला. तानाजीनं तेरा दाबले. आश्रुबा हसला. चौदा. आश्रुबानं तोंड फिरवलं. पंधरा. बोटांना जुनी चव लागली होती. खरं सांगायचं तर नुसती बोटंच खेळत नव्हती, डोकंही मागून हिशेब करत होतं. एक वीसला दुसरी म्हैस येईल. वरचे चाळीस-पंचेचाळीस कंपनीत टाकता येतील. सरासरी खाली येईल. जानकी येईपर्यंत नवी म्हैस दावणीला असेल, टिक्का तेवढा बघून घ्यावा लागेल.

साडेसोळा. आश्रुबाचा अंगठा सुटला.

तानाजीनं लगेच हात घट्ट धरला. "झालं आबा! एक पासष्ट!" असं म्हणून त्यानं चंद्रीच्या कपाळाला हात लावला आणि खिशातून अकरा हजार काढून आश्रुबाच्या मांडीवर इसार ठेवला. "बाजाराच्या दिवशी नेतो."

तो गेला. आश्रुबानं हातावरचं कापड बाजूला केलं. हिरवं लुगडं. जानकीचं. तिच्याच पदराखाली तिचीच म्हैस त्यानं विकली होती. चंद्री वळून त्याच्याकडं बघत होती आणि त्याला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. आपण नालायक आहोत असं त्याला वाटलं, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं.

दुपारीच तो काठी टेकत तानाजीच्या घरी गेला. पदराखाली झालेला सौदा मोडत नाहीत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? चाळीस वर्षांत त्यानं कुणाला मोडू दिला नव्हता. पण कासरा हातात देण्याआधी जनावराची खोड सांगणं हाही बाजाराचा नियमच, तेव्हा त्यानं तिथून सुरुवात केली.

"तान्या, ती लाथ मारती."

"आबा, सहा महिने तुमीच सांगताय, लाथ म्हणून तिला माहीत न्हाई."

"दूध चोरती."

"आज सकाळी बादली बघितली मी."

"मग खरी खोड सांगतो," आश्रुबा म्हणाला. "ती माझी न्हाई. बायकोची हाय."

तानाजी म्हणाला, "मग आबा, हात कुणाचा होता?"

तानाजी वाईट माणूस नव्हता, पण त्यानं त्या सौद्यावर पुढं परळीच्या गिऱ्हाइकाला शब्द दिला होता. रीत ठरलेली होती. विकणारा फिरला तर इसार दुप्पट करून परत. बावीस हजार. अकरा परत द्यायला हातातच होते, वरचे अकरा कुठून आणायचे? शिवाय त्या अकरा हजारांतले चार, आश्रुबानं, मूर्खपणा बघा, येता येता उसनवारी फेडायला कडबावाल्याला देऊन टाकले होते.

दुसऱ्या दिवशी तो बसवेश्वरसमोर बसला होता.

"इक."

"आबा, आता? पार तळाला आहे. थोडं थांबा."

"थांबायला येत न्हाई. बाजार परवा हाय."

"बरं, किती विकू?"

तीच खुर्ची, तसाच प्रश्न, पण ह्या वेळी आश्रुबा अडला नाही. "पंधरा हजार सुटले पाहिजेत. किती लागत्यात तेवढे."

"एवढी काय नड आली?"

"म्हैस घ्यायची हाय."

"अरे वा, दुसरी?"

"न्हाई. तीच."

बसवेश्वरनं बटण दाबलं. पैसे वेळेत आले, शेअरसाठी उघडलेल्या आश्रुबाच्या एकट्याच्या खात्यावर. बाजाराच्या आदल्या दिवशी आश्रुबानं बावीस हजार तानाजीच्या हातावर ठेवले. तानाजीनं नोटा कपाळाला लावल्या, खिशात घातल्या आणि वाकून पाया पडला. "राग मानू नका आबा. रीत तुमीच शिकवली." आश्रुबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्या माणसानं आयुष्यात जनावराला एक रुपया जास्त दिला नाही, त्यानं स्वतःच्याच दारातली म्हैस दुसऱ्यांदा विकत घेतली होती, आणि घरी येताना त्याचा गुडघा दुखत नव्हता.

जानकीबाई चार दिवसांची म्हणून गेली ती पाच दिवस उलटले तरी आली नव्हती. फोनवर नुसतं "येते, येते" म्हणायची. बाजार उलगडला त्या संध्याकाळी ती एसटीतून उतरली. हातात पिशवी, मान खाली. गोठा वाटेतच होता, पण तिनं तिकडं मान वळवली नाही. सरळ ओट्याकडं निघाली.

तेवढ्यात चंद्री हंबरली.

जानकीबाई जागच्या जागी थांबली. गोठ्यात म्हैस उभी होती, आणि म्हशीच्या पलीकडून तिचंच हिरवं लुगडं पांघरलेला, मिशांना फेस लागलेला नवरा बादली सांभाळत उठत होता.

ती गोठ्याच्या उंबऱ्यावरच मटकन बसली आणि रडायला लागली.

"अगं, काय झालं? बारशाला काय झालं का?"

"शहादेव भाऊजींचा फोन आलता," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "तवाच. तान्या इसार देऊन गेला म्हणून. मला वाटलं, गेली. म्हणून मी तिकडंच थांबले. दरवेळी जनावर निघालं की मी शेतात जायची, तुमाला काय माहीत. म्हणायची शेंगा काढायच्यात. बघवत न्हाई मला, कासरा धरून नेताना."

आश्रुबानं बादली खाली ठेवली. चाळीस वर्षं बाजाराच्या दिवशी ही शेंगा काढत होती, उन्हाळ्यातसुद्धा, आणि उन्हाळ्यात कसल्या शेंगा हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"अगं गेली न्हाई, हाय ना!" तो घाईघाईनं म्हणाला. "परत घेतली. कंपनी इकली नि घेतली. इसाराचे दुप्पट दिले. बावीस हजार."

जानकीबाईनं डोळे पुसले. चंद्रीच्या गळ्याखाली हात घातला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. चंद्री तिचं डोकं चाटत होती.

"बावीस?" ती शेवटी म्हणाली. "मला बोलवायचं की. अठरात मिटवलं असतं."

आणि तिनं नवऱ्याच्या अंगावरचं लुगडं ओढून घेतलं, बादली घेतली आणि उरलेली धार काढायला बसली.